चिमट्याला टांगलेला दिवस

अथेन्सच्या गजबजलेल्या चौकांत सकाळी एक दृश्य हमखास भेटते. पदपथाच्या कडेला एक छोटी चौकोनी टपरी. तिच्या छपराच्या कडेने दोरी ओढलेली, दोरीला कपडे वाळत घालायचे चिमटे आणि चिमट्यांना त्या दिवसाची वर्तमानपत्रे टांगलेली, पहिले पान रस्त्याकडे तोंड करून. समोर चार-सहा माणसे हात पाठीमागे बांधून, मान वर करून मथळे वाचत उभी. एखादा शेजारच्याला काही म्हणतो, शेजारचा मान हलवतो, तिसरा त्यात पडतो. बराच वेळ कोणी काही विकत घेत नाही आणि टपरीवाला कोणाला हटकतही नाही. बस येते, दोघे निघून जातात, त्यांच्या जागी दुसरे दोघे येऊन उभे राहतात. गावच्या वाचनालयात तिरक्या फळीवरचा पेपर दोघा-तिघांत वाटून वाचलेल्या मराठी माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. या पुस्तकाचा विषय माझ्या मनात रुजला तो त्या दोरीपाशी.

वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर आख्खे पुस्तक कशासाठी, असे कोणी विचारील. पॅरिसला गेलेला प्रवासी हिरव्या घुमटाच्या किऑस्कचा फोटो काढायचाच. लिस्बनची रंगीत टपरी, रोमच्या गल्लीतली रंगीबेरंगी मासिकांनी भरलेली खिडकी, हे सगळे डोळ्यांना सुखावणारे आहे. पण देखणेपणा हा या टपरीचा अर्धाच गुण. एकमेकांशी न पटणारी वर्तमानपत्रे एका छपराखाली शेजारी-शेजारी लावायची आणि वाटेने जाणाऱ्या कोणालाही ती फुकट दिसू द्यायची, हा तिचा खरा धर्म. तिचे सौंदर्य मला या शेजारात दिसते. पुढचे सगळे लेख याच एका खुंटीला टांगलेले आहेत.

सुरुवात नावांपासून करावी, कारण नावांनीच मला प्रथम चकित केले. 'किऑस्क' हा शब्द मूळचा फारसी. 'कुश्क' म्हणजे बागेतला मंडप, चहूबाजूंनी वारा खेळणारा छोटा महाल. तुर्कीत त्याचा 'क्योश्क' झाला. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात बगदादच्या मोहिमेची आठवण म्हणून १६३९ साली बांधलेला 'बगदाद क्योश्क' आजही उभा आहे. हाच शब्द आपल्याकडेही आला होता. मध्य प्रदेशातल्या चंदेरीला माळव्याच्या सुलतानांच्या काळातला 'कोशक महाल' आहे, त्याच्या नावात हेच मूळ आहे. फारसीतून तुर्कीत, तुर्कीतून फ्रेंचमध्ये जाता जाता सुलतानाचा मंडप सरदारांच्या बागेत आला, आणि तिथून रस्त्यावर उतरून पेपरवाल्याचा झाला.

इटलीत या टपरीला 'एदिकोला' म्हणतात. लॅटिनमधल्या 'एदिकुला' या शब्दाचा अर्थ छोटे देऊळ, मूर्तीसाठी केलेला कोनाडा. आजही इटालियन भाषेत गल्लीच्या भिंतीतल्या मेरीमातेच्या कोनाड्याला एदिकोला म्हणतात आणि कोपऱ्यावरच्या पेपरच्या टपरीलाही एदिकोलाच म्हणतात. याला मराठीत शोधावा न लागणारा प्रतिशब्द आहे : देवळी. जुन्या घराच्या भिंतीत दिवा ठेवायची ती देवळी. नेपल्सच्या एखाद्या गल्लीत एका भिंतीवर पणती तेवणारी देवळी आणि चार पावलांवर बातम्यांची देवळी, दोन्हींना नाव एकच. ग्रीक लोकांनी तर कमाल केली आहे. त्यांचा शब्द आहे 'पेरिप्तेरो'. चहूबाजूंनी स्तंभांची रांग असलेल्या मंदिराला स्थापत्यशास्त्रात हेच विशेषण लावतात. पार्थेनॉन हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. त्या पार्थेनॉनच्या पायथ्याशी सिगारेट, च्युइंगम आणि वर्तमानपत्रे विकणारी टपरीही पेरिप्तेरोच. मंडप, देवळी, मंदिर : युरोपने आपल्या सगळ्यात लहान इमारतीला दिलेली ही नावे आहेत. कोणी ठरवून दिलेली नाहीत, म्हणूनच मला ती बोलकी वाटतात.

पण ही टपरी रस्त्यावर आली ती पेपराचा धंदा बदलला म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्र ही वर्गणीदाराची वस्तू होती. वर्षाची वर्गणी आगाऊ भरायची, अंक टपालाने घरी यायचा. वर्गणी भरणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. १८३६ साली पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँ यांनी 'ला प्रेस' काढले, जाहिरातींच्या उत्पन्नावर वर्गणी निम्म्यावर आणली. १८६३ मध्ये मोईझ मियो यांनी 'ल पती जुर्नाल' काढले आणि एका अंकाची किंमत पाच सांतीम ठेवली. आता मजुराला, शिवणकाम करणाऱ्या बाईला आजचा एक अंक आज विकत घेता येऊ लागला. उद्या नाही घेतला तरी चालेल. सुटा अंक घेणाऱ्या या गिऱ्हाइकाला दुकान कुठे हवे? त्याच्या वाटेवर.

ती वाट त्याच सुमारास रुंद होत होती. त्या काळचे प्रशासक ओसमाँ यांच्या हाताखाली पॅरिस उकलून पुन्हा शिवले जात होते. सरळ, रुंद बुलेव्हार, झाडांच्या रांगा, चालायला प्रशस्त पदपथ. या पदपथांवर काय-काय ठेवायचे, हे ठरवण्याचे काम गाब्रिएल दाव्हियु या वास्तुकाराकडे आले. बाके, दिव्यांचे खांब, झाडांभोवतीच्या जाळ्या, कुंपणे अशी शहराची सगळी भांडीकुंडी त्यांच्या कार्यालयातून निघाली, आणि त्यातच १८५७ साली पॅरिसच्या मोठ्या बुलेव्हारांवर उभे राहिलेले वर्तमानपत्रांचे किऑस्क. अनेक कोनांचा आटोपशीर देह, वर छोटा घुमट, कडेला नक्षीची झालर, भिंतींवर जाहिराती. जाहिरातींमुळे किऑस्क स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकला. दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, बर्लिनमध्ये मुद्रक एर्न्स्ट लिटफास यांनी जाहिराती चिकटवण्यासाठी गोल स्तंभ उभे केले होते. पॅरिसमध्ये तसेच स्तंभ १८६८ मध्ये गाब्रिएल मॉरिस या मुद्रकाने आणले. रस्ता स्वतःच एक वाचायची गोष्ट होत चालला होता. शार्ल मारव्हिल यांनी या साऱ्या नव्या सामानाची छायाचित्रे काढली. झाँ बेरो यांनी १८८० च्या दशकात जाहिरातींनी मढलेला किऑस्क आणि त्याच्याजवळून जाणारी माणसे रंगवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युजेन आत्जे यांचा कॅमेरा रू द सेव्हरवरच्या एका पेपरच्या दुकानासमोर थांबला. या चित्रकार-छायाचित्रकारांनी टपरीला शहराच्या चेहऱ्यावरच्या तिळासारखे टिपून ठेवले आहे.

आता शेजाराविषयी. फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१ च्या कायद्याने छपाई आणि ग्रंथविक्री मोकळी झाली. पण छापण्याचे स्वातंत्र्य असले तरी अंक वाचकापर्यंत पोचवणारी यंत्रणा कोणा एकाच्या मुठीत असेल तर ते स्वातंत्र्य छापखान्याच्या दारातच अडते. दुसऱ्या महायुद्धाआधी फ्रान्समधल्या वितरणावर एकाच बलाढ्य प्रकाशनसंस्थेची पकड होती. युद्धानंतर, २ एप्रिल १९४७ रोजी, खासदार रोबेर बिशे यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याचा गाभा साधा होता : प्रकाशकांनी सहकारी तत्त्वावर वितरण करावे, त्या सहकारी संस्थेत लहान-मोठ्या सर्वांना समान वागणूक मिळावी आणि प्रत्येक नियतकालिकाला विक्रीच्या ठिकाणी पोचण्याचा हक्क असावा. म्हणजे किऑस्कवाल्याला एखाद्या पत्राचे राजकारण पटत नाही म्हणून ते दूर ठेवता येत नाही. सहकाराच्या बळावर दूध आणि ऊस उभा केलेल्या महाराष्ट्राच्या वाचकाला या विचाराची ओळख वेगळी करून द्यायला नको. फ्रान्सने तो बातमीला लावला. २०१९ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, विक्रेत्याला इतर मासिकांच्या बाबतीत निवडीची मोकळीक मिळाली. पण राजकीय आणि सर्वसाधारण बातम्या देणाऱ्या पत्रांचा टपरीवर येण्याचा हक्क राखूनच.

या कायद्याचे दृश्य रूप म्हणजे पॅरिसच्या किऑस्कची दर्शनी बाजू. १८२६ साली सुरू झालेले 'ल फिगारो' उजवीकडे झुकणारे, १९०४ साली झाँ झोरेस यांनी काढलेले 'ल्युमानिते' डावीकडचे. संसदेत ज्यांचे एका वाक्यावर एकमत होणार नाही, ती दोन पत्रे इथे खांद्याला खांदा लावून उभी. दुपारी त्यांच्यात 'ल मोंद' येऊन बसते. हे सायंदैनिक पॅरिसमध्ये आज दुपारी मिळते आणि त्याच्यावर तारीख उद्याची असते. आपण ज्या मताचा पेपर घ्यायला जातो, त्याच्या बाजूला आपल्याला न आवडणाऱ्या पेपराचा मथळा नजरेला पडल्याशिवाय राहत नाही. खिशात घातलेल्या अंकाबरोबर तो न घेतलेला मथळाही घरी येतो. लोकशाहीचे शिक्षण म्हणतात ते मला अशा ठिकाणी, अशा क्षणी घडताना दिसते.

टपरी एवढी लहान, तरी तिने किती जणांचे संसार उभे केले हेही सांगायला हवे. ग्रीसमध्ये १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत आणि त्यानंतरच्या युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांना पेरिप्तेरोचे परवाने देण्यात आले. ऑस्ट्रियात तंबाखूची मक्तेदारी सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ साली सरकारकडे घेतली. तिथली 'ट्राफिक' नावाची दुकाने तंबाखूबरोबर वर्तमानपत्रे, टपाल तिकिटे, ट्रामची तिकिटे विकतात. ती चालवायला देताना पूर्वी युद्धात जखमी झालेल्यांना आणि आज दिव्यांग व्यक्तींना प्राधान्य मिळते. रोबेर्ट झेटालर यांची 'डेअर ट्राफिकांट' ही कादंबरी व्हिएन्नातल्या अशाच दुकानात, १९३७-३८ च्या काळोखात घडते, आणि तिथल्या गिऱ्हाइकांत सिग्मंड फ्रॉइड असतात. देशाने ज्याचा पाय घेतला त्याला एक बसायची जागा, एक छप्पर आणि समोर अख्खा रस्ता द्यायचा, ही कल्पना मला फार मोठी वाटते. भीक न मागता, कोणाच्या दयेवर न राहता तो माणूस चौकाचा जाणता होतो. कोण कुठल्या घरात राहते, कोणाची आई आजारी आहे, कोणत्या आजोबांनी तीन दिवस पेपर नेला नाही, हे त्याला ठाऊक असते. ते तीन दिवस मोजणारे दुसरे कोणी शहरात असेलच असे नाही.

काही टपऱ्यांतून आश्चर्येही निघाली. इटलीतल्या मोदेना शहरात पानिनी कुटुंबाने १९४५ साली एक एदिकोला घेतली. पुढे तिथल्या भावांनी मिलानहून न खपलेली चित्रे आणून पाकिटांत घालून विकून पाहिली, ती हातोहात गेली, आणि १९६१ मध्ये फुटबॉलपटूंच्या चित्रांचा पहिला आल्बम निघाला. विश्वचषकाच्या काळात जगभरची मुले ज्या पाकिटांची अदलाबदल करतात, त्यांचे मूळ एका पेपरच्या टपरीत आहे. स्लोव्हेनियात साशा मेख्तिग यांनी १९६६ साली फायबरग्लासचा एक किऑस्क रचला, त्याचे नाव 'के ६७'. एकाला एक जोडत न्यावा, हवा तसा वाढवावा, क्रेनने उचलून दुसऱ्या चौकात ठेवावा. युगोस्लाव्हिया आणि आजूबाजूच्या देशांत असे साडेसात हजारांच्या आसपास किऑस्क गेले. त्यांत वर्तमानपत्रे विकली गेली, सॉसेज विकले गेले, कुठे मधमाश्याही पाळल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो १९७० मध्ये आपल्या संग्रहात घेतला. देश मोडला, त्याचे अनेक देश झाले. लाल गोल कोपऱ्यांच्या त्या टपऱ्या अनेक ठिकाणी अजून उभ्या आहेत.

यातला एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. रेल्वेने प्रवास करणाऱ्याला वाचायला काही हवे असते हे ओळखून डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी १८४८ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकात पुस्तकांचा स्टॉल टाकला. लुई आशेत यांनी ती कल्पना १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या स्थानकांवर नेली. १८७७ मध्ये अलाहाबादला एमिल मोरो यांनी ए. एच. व्हीलर आणि कंपनी सुरू केली, आणि भारतातल्या फलाटांवर लाकडी स्टॉल उभे राहिले. दादरला किंवा मनमाडला गाडी येईपर्यंत व्हीलरच्या स्टॉलवर मासिके चाळत उभा राहिलेला मराठी प्रवासी युरोपातल्या टपरीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा चुलतभाऊच आहे. उलट्या दिशेचा धागाही आहे. रावळपिंडीहून आलेले अली अकबर पॅरिसच्या सँ-जर्मँ-दे-प्रे भागात सुमारे पन्नास वर्षे हातात 'ल मोंद' घेऊन, मोठ्याने हाळी देत फिरत आले आहेत. शहरातले ते शेवटचे फिरते पेपरविक्रेते मानले जातात. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना राष्ट्रीय सन्मान देण्याचे जाहीर केले. किऑस्कच्या आधी जी हाळी होती, ती किऑस्क विरळ होत असताना एका परदेशी माणसाच्या गळ्यात टिकून राहिली.

विरळ होत असताना, असे मी म्हटले. ते खरे आहे आणि ते लपवून हे पुस्तक लिहिता येणार नाही. छापील अंकांचा खप घटला की विक्रेत्याचे कमिशन घटते. पहाटे गठ्ठे सोडायचे, अंक मोजून लावायचे, दिवसाचे दहा-बारा तास उभे राहायचे, संध्याकाळी न खपलेले अंक बांधून परत पाठवायचे. या न खपलेल्या अंकांना फ्रेंच पेपरवाले 'बुयाँ', म्हणजे रस्सा, म्हणतात. आज हा रस्सा वाढत गेला आहे. फ्रान्समधली मुख्य वितरणसंस्था २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली, तिचे काम नव्या संस्थेकडे गेले. इटलीतल्या कित्येक एदिकोलांची शटरे कायमची खाली आली आहेत. ज्या उघड्या आहेत त्या पाण्याच्या बाटल्या, खेळणी, पर्यटकांसाठीची चुंबके विकून तग धरून आहेत.

पॅरिसमध्ये २०१६ साली जुने किऑस्क काढून माताली क्रासे यांच्या रचनेचे नवे बसवायचे ठरले, तेव्हा हजारो लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. नंतर रचनेत बदल झाले आणि नवे किऑस्क आले. मी दोन्ही बाजूंचे ऐकले आहे. जुना घुमट गेल्याचे मलाही दुःख आहे. पण जे जुने म्हणून आपण जपू पाहत होतो, त्यातले बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाव्हियु यांच्या धर्तीवर नव्याने घडवलेले होते. आणि त्या सुंदर पेटीत विक्रेता मासिकांच्या ढिगाआड, थंडीत, अवघडून बसत होता. नव्या रचनेत त्याला ऊब मिळाली, गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहता आले. टपरीवर प्रेम करायचे तर आतल्या माणसाच्या गुडघ्यांचाही विचार करायला हवा. घुमटापेक्षा तो माणूस आणि त्याच्यासमोरची ती पत्रांची रांग टिकणे मला महत्त्वाचे वाटते.

आणि गरज पडते तेव्हा शहराला टपरी आठवते. ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला होऊन बारा जण मारले गेले. एका आठवड्याने, १४ जानेवारीला, त्या साप्ताहिकाचा पुढचा अंक निघाला तेव्हा उजाडण्याआधीच किऑस्कसमोर रांगा लागल्या होत्या. ज्यांनी आयुष्यात ते साप्ताहिक हातात धरले नव्हते, ज्यांना त्यातली चित्रे पटत नव्हती, तेही रांगेत होते. ११ मार्च २०२० रोजी इटलीने महासाथीमुळे जवळजवळ सगळी दुकाने बंद केली. उघडे काय राहील याच्या यादीत किराणा होता, औषधांची दुकाने होती, आणि एदिकोलाही होत्या. अन्न, औषध आणि वर्तमानपत्र. त्या रिकाम्या रस्त्यांवर पेपर आणायला जाणे हे कित्येक म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडण्याचे आणि दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकण्याचे निमित्त होते.

पुस्तकातले लेख शहरांप्रमाणे लावले आहेत. इस्तंबूलपासून निघून अथेन्स, नेपल्स, मोदेना, व्हिएन्ना, ल्युब्लियाना, बर्लिन असे करत आपण पॅरिसला पोचतो आणि लिस्बनला समुद्राकाठी थांबतो. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. टपरीसमोर उभे राहणारा माणूस तरी कुठे क्रमाने वाचतो? नजर जाईल तिथून सुरुवात करावी.

व्हिएन्नात रविवारी ट्राफिक बंद असतात. तेव्हा रस्त्यांवरच्या खांबांना प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकवलेल्या दिसतात, त्यांत रविवारची वर्तमानपत्रे आणि जवळ नाण्यांसाठी छोटी पेटी. विकणारा कोणी नाही, पाहणारा कोणी नाही. पैसे टाकायचे, अंक घ्यायचा. टपरीतून छप्पर काढले, खिडकी काढली, माणूसही काढला, तरी मागे उरतो तो विश्वास असा खांबाला लटकत असतो.

अथेन्सच्या त्या दोरीपाशी मी नंतरही पुष्कळदा उभा राहिलो. एका सकाळी एक उंच आजोबा सगळे मथळे वाचून झाल्यावर खिशात हात घालून पुढे झाले. मला वाटले, ते चिमटा काढून वरचा अंक घेतील. टपरीवाल्याने खाली वाकून गठ्ठ्यातला अंक काढून त्यांच्या हातात दिला. दोरीवरचा अंक तसाच राहिला. तो विकायचा नसतो, त्याने नंतर मला सांगितले. तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा.